टिंबाची घसरगुंडी

नेरजवळच्या एका शाळेतली झाडून सगळी पोरं मी एका सकाळी दुःखी करून टाकली. रागावलो नाही, छडी उगारली नाही. फक्त पट्टीच्या पाठीमागचे आकडे उलटे लिहिले.

ही पट्टी म्हणजे आमच्या धंद्याचं हत्यार. पुठ्ठ्याच्या लांब तुकड्यावर ओळीनं पाच चेहरे काढलेले. एका टोकाला तोंडभर हसणारा, दुसऱ्या टोकाला टिपं गाळणारा, आणि मधले तिघं या दोघांच्या अधल्यामधल्या अवस्थेत. पट्टी मुलासमोर आडवी धरायची, ‘आज तुला कसं वाटतंय?’ असं विचारायचं आणि त्यानं एका चेहऱ्यावर बोट ठेवलं की पाठीमागचा आकडा बघून आपण तो लिहून घ्यायचा. हसऱ्याला पाच, रडक्याला एक. पुण्याहून पट्ट्या आल्या तेव्हा त्यांच्या पाठी कोऱ्या होत्या. ‘आकडे आपापले घालून घ्या’ असा निरोप होता. मी घरी जेवणाच्या टेबलावर बसून, अक्षर वळणदार काढत, डावीकडच्या हसऱ्यापासून सुरुवात करायची म्हणून पट्टी उलटवली आणि डावीकडूनच पाच, चार, तीन असं लिहीत गेलो. पट्टी फिरवली की डावं ते उजवं होतं, हे रोज आरशासमोर भांग पाडणाऱ्या माणसाला कळायला हवं होतं. पण भांग पाडण्याइतके केस तेव्हाच उरले नव्हते.

त्या दिवशी नेमका शाळेच्या खिचडीत बटाटा होता आणि गणिताचे गुरुजी रजेवर होते. पोरं हवेत होती. एकजात सगळ्यांची बोटं हसऱ्या चेहऱ्यावर पडत गेली आणि मी एकेकाच्या नावापुढे गंभीरपणे ‘एक’ लिहीत गेलो. कागद पुण्यात पोचले तशी तिथं धावपळ उडाली. जिल्ह्यातली सगळ्यात खचलेली शाळा सापडली होती! तीन माणसं तातडीनं निघाली आणि थेट शाळेत दाखल झाली. पोरांनी पाहुणे आले म्हणून त्यांना नाच करून दाखवला. त्यातल्या एका बाईंनी एका पोराला जवळ घेऊन हळुवारपणे विचारलं, “बाळा, तुझ्या मनात काय आहे?” तो म्हणाला, “कबड्डी.”

प्रकल्पाच्या प्रमुख लिमये मॅडम. त्यांनी माझ्याकडे पट्टी मागितली. पुढून बघितली, मागून बघितली, पुन्हा पुढून बघितली. मग शांतपणे म्हणाल्या, “काळे, तुमची पट्टी उलटी आहे.”

हे मी घरी सांगायला नको होतं. माझी बायको सातारची. तिकडच्या माणसांना एखादी गोष्ट विसरा म्हटलं की ती कायमची लक्षात राहते. त्या दिवसापासून माझा चष्मा सापडेना, स्कूटर सुरू होईना, भाजीवाल्याकडून सुटे चुकीचे आले, काहीही झालं तरी हिचं एकच पालुपद: “अहो, पट्टी सुलटी आहे का बघा आधी.”

मी नेमकं काय काम करतो, ते आमच्या नातेवाइकांना शेवटपर्यंत कळलं नाही. आम्ही यवतमाळातले पिढीजात कारकून. आजोबांनी लोकांच्या जमिनी मोजल्या, वडिलांनी लोकांच्या रजा मोजल्या, काकांनी निवृत्तीला उरलेले दिवस मोजले. मोजणं आमच्या रक्तातच. पण मी पोरांची मनं मोजतो असं म्हटल्यावर काकांनी अडकित्ता खाली ठेवला. “किलोनं का मीटरनं?”

ती कापसाची वाईट वर्षं होती. यवतमाळच्या बस स्टँडवर उतरणारा प्रत्येक अनोळखी माणूस काहीतरी मोजायलाच आलेला असे. कोणी पाऊस मोजी, कोणी विहिरीतलं पाणी, कोणी बोंडातल्या अळ्या. कापसाला भाव नव्हता, पण लॉजवाल्यांचं बरं चाललं होतं. मोठ्या माणसांना विचारून विचारून सगळे दमले, तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की या घरांमध्ये पोरंही राहतात. त्यांच्यावर या सगळ्याचा काय परिणाम होतोय? ती झोपतात का, हसतात का, कुणाशी बोलतात का? हे बघायला पुण्याच्या एका संस्थेनं प्रकल्प काढला आणि स्थानिक माणूस म्हणून मला घेतलं. ‘स्थानिक माणूस’ याचा अर्थ ज्याला जीप कुठून सुटते ते माहीत असतं, असा माणूस.

बाहेरच्यांना हे काम गमतीचं वाटतं, म्हणून थोडं सांगतो. ताप बघायला थर्मामीटर असतो. मन बघायला नुसते प्रश्न. म्हणून ते प्रश्न थर्मामीटरसारखेच वापरावे लागतात: प्रत्येक मुलाला तेच, त्याच क्रमानं, त्याच शब्दांत. एकाला लाडानं विचारलं आणि दुसऱ्याला डाफरून, तर मापं एकमेकांशी जुळायची नाहीत. उत्तर सुचवायचं नाही. मूल रडलं तर थांबायचं, पाणी द्यायचं, पण ‘होईल सगळं ठीक’ असं म्हणायचं नाही, कारण ते होईलच असं नसतं. स्वतःबद्दल काही सांगायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम: मूल जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं. शुद्ध करायचं नाही.

हा शेवटचा नियम मला फार जड गेला. आमच्या घरात वडिलांसमोर ‘मले’ म्हटलं की जेवणाचं ताट मागं सरकायचं. शुद्ध बोलण्यात माझं बालपण गेलं, आणि आता पगार मिळत होता तो अशुद्ध लिहिण्याचा.

पण काय एकेक उत्तरं! दारव्ह्याकडच्या एका पोराला विचारलं, “राग आला की तू कुणाला सांगतोस?”

“बकरीले.”

“मग बकरी काय म्हणते?”

त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. “थे काय म्हणन, साहेब? बकरी हाये थे.”

पुसदला दहावीतल्या एका मुलीला भविष्याबद्दल विचारलं. ती म्हणाली, “तुमाले किती पगार हाये?” मी नियमाप्रमाणे गप्प राहिलो. तिनं माझ्या चपलांकडे एक नजर टाकली आणि म्हणाली, “लिवा. अशी नोकरी नाही करायची.” मी तिच्याच शब्दांत लिहिलं. ‘तुला भीती कशाची वाटते?’ या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळा आलेलं उत्तर ‘तुमची’ हे होतं. पुण्यात त्याला वेगळा रकाना करावा लागला.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं, तिच्याकडे येतो.

दारव्ह्यापासून आत, बंजाऱ्यांचा एक तांडा. शेपन्नास घरं, दोन टेकाडांच्या मधल्या खोलगटात. शाळा तेवढी वरच्या अंगाला. एकच शिक्षक, राठोड गुरुजी, दारव्ह्याहून मोटारसायकलवर येणारे. तांड्यातली माणसं आपसात गोरबोलीत बोलत, माझ्याशी वऱ्हाडीत, आणि मी प्रमाण मराठीत काही विचारलं की एकमेकांकडे बघत. कापसानं दगा द्यायला लागल्यापासून तांड्यातली बरीच जोडपी दसऱ्यानंतर ऊसतोडीला सांगलीकडे जात. धाकटी पोरं बरोबर, मोठी पोरं आजीपाशी.

अशीच मागं राहिलेली अनिता. सातवीतली. गुरुजींनी तिच्याबद्दल आधीच सांगून ठेवलं होतं. “साहेब, ही पोट्टी म्हणजे माह्या शाळेचा भोंगा होती. परिपाठ तिचा, कविता तिची, भांडन बी तिचंच. माय उसाले गेली अन् तवापासून हिचं तोंड बंद. घरी नाही, शाळेत नाही. हजेरीले नुसता हात वर करते.”

तिची आजी जमनाबाई. कपाळापासून कोपरापर्यंत गोंदलेली, आवाज ढोलासारखा. तिचा निर्णय झालेला होता. “मुकादमाचा टरक संक्रातीनंतर येनार हाये आनखी मानसं न्यायले. त्याच्यात बसवून देतो. इथं सुकून राह्यली पोरगी. मायपाशी उसात राहीन, पन बोलन त खरी.”

गुरुजी मला बाजूला घेऊन म्हणाले, “एकदा टरकात बसली का सातवी खतम. शाळाच खतम. मंग कोयता. मले एक ताई पाठवा, साहेब. तुमच्यावाली.”

ही ताई म्हणजे आमच्या प्रकल्पाची समुपदेशक. जिथली मापं फार वाईट येतील तिथं ती काही महिने जाऊन मुलांबरोबर बसे, बोलती करी. ताया थोड्या, गावं फार. म्हणून माप महत्त्वाचं.

अनितासमोर बसलो. प्रश्न विचारत गेलो. ती पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिली. पट्टी (आता सुलटी) दाखवली, तिनं बोट उचललं नाही. शेवटी ‘तुला इथं कसं वाटतं?’ या प्रश्नाला तिनं दोनच शब्द दिले.

“गमत नाही.”

आमच्या वऱ्हाडातल्या वाचकाला हे समजावून सांगावं लागणार नाही. बाकीच्यांसाठी: ‘गमणे’ म्हणजे जीव रमणे. नव्या नवरीला सासरी गमत नाही, बदली झालेल्या मास्तराला नव्या गावी गमत नाही, विकलेल्या बैलाला नव्या गोठ्यात गमत नाही. मी ते दोन शब्द तिच्याच शब्दांत, वळणदार अक्षरात लिहिले आणि वर गुरुजींची ताईची मागणी नोंदवून कागद पुण्याला पाठवले. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट बिनचूक केली होती.

संक्रांतीनंतर पुण्याहून निरोप आला: ‘तांड्यासाठी मदत निघाली आहे, उतरवून घ्यायला हजर राहा.’ मी आनंदानं गेलो. ताईला बसायला खुर्ची असावी म्हणून गुरुजींनी दारव्ह्याहून खुर्ची आणून पुसून ठेवली होती. टेम्पो आला. मागचं फळकं उघडलं. आत घसरगुंडी होती.

लोखंडी, लालनिळी, चकचकीत. सोबत दोन बॅटी, चेंडू आणि उड्या मारायच्या दोऱ्या.

गुरुजी बराच वेळ घसरगुंडीकडे बघत राहिले. मग खुर्चीकडे. “काळेसाहेब, म्या ताई मांगतली होती.”

काय झालं असेल ते माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला, आणि लक्षात आल्यावर मला खाली बसावंसं वाटलं. सुदैवानं खुर्ची तिथंच होती. पुण्यात कागद संगणकात भरणाऱ्या मुलींनी ‘गमत नाही’ वाचलं. हा शब्द त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. वर लिहिणारा कोण? काळे. पट्टी उलटी धरणारे काळे. त्यांनी मोठ्या मनानं माझी चूक सुधारली आणि ‘ग’वर टिंब दिलं. गंमत नाही! म्हणजे मनोरंजनाचा अभाव. त्यासाठी प्रकल्पात वेगळी तरतूद होती, आणि ताईपेक्षा घसरगुंडी लवकर सुटते.

टेकाडावर शाळेशेजारी मोकळी जागा होती, तिथं ती उभी केली. पुढचा तासभर तांड्यात कुणी कामाला गेलं नाही. पोट्टे घसरले, पोट्ट्यांचे काका घसरले, नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख धोतर सावरत घसरला आणि ‘काही झालं नाही’ असा चेहरा करून पुन्हा शिडीकडे गेला. जमनाबाई घसरली नाही. तिनं पत्र्याला हात लावून तो किती तापतो ते बघितलं आणि जाहीर केलं, “मिरच्या एका रोजात वाळतीन.”

अनिता लांब, शाळेच्या ओट्यावर बसून होती. आणि ट्रक मंगळवारी येणार होता.

“साहेब,” गुरुजी म्हणाले, “आता फोन करा. तुमच्या त्या टिंबाचं काहीतरी करा.”

तेव्हा मोबाइल नुकतेच आमच्याकडे पोचले होते, रेंज मात्र वाटेत कुठंतरी उतरली होती. तांड्यात गुरुजींचा मोबाइल घड्याळ म्हणून वापरला जाई. संस्थेनं मला दिलेला फोन घेऊन मी शाळेच्या मागं गेलो, पुढं गेलो, खुर्चीवर उभा राहिलो. काही नाही. पोट्टे माझ्या मागं मागं. त्यातला एक म्हणाला, “साहेब, वर चढून पाहा ना.”

वर म्हणजे घसरगुंडीवर. माझ्या वजनाचा विचार ती बनवणाऱ्यानं केलेला नव्हता. पण चढलो. शेवटच्या पायरीवर हात उंच केला आणि पडद्यावर एक कांडी उगवली. मग दुसरी. मी तिथंच, अख्ख्या तांड्यासमोर, आभाळाखाली, पुण्याला फोन लावला.

“मॅडम, काळे बोलतोय! टिंब काढा!”

“काय काढू?”

“टिंब, मॅडम! ‘ग’वरचं! गंमत नाही, गमत!”

खालून पोट्टे एका सुरात ओरडले, “टिंब काढा! टिंब काढा!” त्यांना ती घोषणा आवडली होती.

लिमये मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “गमत म्हणजे? कंटाळा?”

“नाही हो. करमत नाही ना, तसं.”

“तेच ना? कंटाळा.”

आता घसरगुंडीच्या टोकावर उभं राहून, एका हातानं कठडा धरून, जन्मभर ऐकलेल्या शब्दाचा अर्थ सांगायची पाळी आली, आणि मला तो सांगता येईना. शेवटी म्हणालो, “मॅडम, माणूस जिथं बसलाय तिथं तो नसतो. तसं.”

  त्या म्हणाल्या, “बरं. टिंब काढते. पण नोंद बदलायची तर तुम्हाला तिला पुन्हा विचारावं लागेल. आणि ताई लगेच नाही मिळणार, काळे. सगळ्या अडकल्यात. महिना तरी.”

“मंगळवारी ट्रक आहे, मॅडम.”

“मला कळतंय,” त्या म्हणाल्या. त्यांना खरंच कळत होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

फोन ठेवून मागं वळलो तर शिडीवर खालपर्यंत पोट्टे. “साहेब, मांगं येता येत नाही. घसरा.” एका हातात फोन, दुसऱ्या हातात चष्मा, अशा अवस्थेत जिल्ह्यातल्या बालकांच्या मानसिक आरोग्याचा मोजणीदार घसरत खाली आला आणि धुळीत बसला.

समोर दोन पाय. अंगठा जमीन उकरत असलेला. वर बघितलं तर अनिता. आणि तिनं विचारलं, अगदी बारीक आवाजात, न वापरून गंज चढलेल्या आवाजात:

“थितून माय लागते का?”

एक क्षण मला कळलंच नाही. फोन लागतो, नंबर लागतो, तशी माय लागते का? गुरुजी मात्र धावत आले. “मुकादमापाशी मोबाइल हाये! नंबर हाये का, बुढे?”

जमनाबाईच्या घराच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेला होता. अडीअडचणीला म्हणून मुकादमानंच लिहून दिला होता. तांड्यातून फोन लागतच नाही, तर तो काय कामाचा, म्हणून तिनं त्यावर शेणाचा हात फिरवायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

मी नियमानं बोललो. “अनिता, आधी मला तुला एक प्रश्न पुन्हा विचारायचाय.”

ती म्हणाली, “तुमाले गमते का?”

इतक्या वर्षांत एवढ्या पोरांना विचारत फिरलो, पण उलट मला कुणी हे विचारलं नव्हतं. नियम स्पष्ट होता: स्वतःबद्दल बोलायचं नाही. पण धुळीत बसलेल्या माणसाला नियमाचा रुबाब ठेवता येत नाही. मी म्हणालो, “नाही. माझी मुलगी नागपूरला शिकायला गेली. तवापासून घरात नाही गमत. तिच्या खोलीत जाऊन बसतो. बायकोनं पाहिलं तर म्हणतो, पेन शोधून राह्यलो.”

‘शोधून राह्यलो.’ माझ्या तोंडून. वडील असते तर ताट गेलं असतं.

अनितानं माझ्याकडे बघितलं, माझ्या खिशातल्या पेनाकडे बघितलं, आणि हसली. “मंग थिच्यापाशी जात काहून नाही?”

“नोकरी हाये ना.”

“माय बी असंच म्हने,” ती म्हणाली.

गुरुजींनी तिला पुढं घालून शिडीवर चढवलं आणि तिच्या खालच्याच पायरीवर उभं राहून आपल्या फोनवरून नंबर लावून तिच्या हाती दिला. मुकादमानं उचलला, मग नुसताच वाऱ्याचा आवाज, कुणीतरी कुणालातरी हाका मारतंय, उसाच्या पाचटातून माणूस पळत येतोय. सगळा तांडा खाली माना वर करून. मग अनिता ओरडली, “याडी!” गोरबोलीत आईला याडी म्हणतात, एवढंच मला ठाऊक होतं. पुढचं सगळं भोंग्याच्या वेगानं गेलं. गुरुजींचा चेहरा बघून मी अंदाज घेत होतो. मध्येच ते खाली बघून मला म्हणाले, “माय म्हनते, मलेबी नाही गमत इथं.”

मी धास्तावलो. आता पोरगी आणखीच खचणार. पण झालं उलटंच. अनिता घसरगुंडीच्या टोकावर मांडी घालून बसली, कठड्याला पाठ टेकली आणि रोजच्या गप्पा माराव्या तशी बोलायला लागली. आपल्याला गमत नाही, तसंच आईलाही गमत नाही, एवढं कळून तिला बरं वाटलं होतं. आमच्या प्रश्नावलीत याला रकाना नाही. मी नंतर सुचवून पाहिलं. मॅडम म्हणाल्या, मापात बसवता येणार नाही.

मग फोन आजीकडे गेला, म्हणजे आजी फोनकडे गेली. जमनाबाई शिडीवर चढली. सून तिकडून काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण सासू जे म्हणाली ते पलीकडच्या टेकाडावर ऐकू गेलं. खाली येताना ती शिडीनं आली नाही, घसरूनच आली, आणि उठून नऊवारी झटकल्यासारखा घागरा झटकत गुरुजींना म्हणाली, “सून म्हनते पाठवू नोको. इथं पाचटाच्या कोपीत झोपाले जागा नाही, पोरीले शिकू दे. मंग मास्तर, दर शनवारी फोन लावून देशान का? तोंडानं हो म्हनू नोको, देवाची आन घे.”

गुरुजींनी आण घेतली.

मंगळवारी ट्रक आला आणि अनिताशिवाय गेला. हे मला गुरुजींनी फोन करून सांगितलं. “कुठून बोलताय?” मी विचारलं. “कुठून म्हंजे? घसरगुंडीवरून.”

महिन्यानं पुन्हा विचारायला गेलो, तेव्हा घसरगुंडीवर लाल मिरच्या पसरलेल्या होत्या. ‘तुला इथं कसं वाटतं?’ अनिता म्हणाली, “शनवारी गमते.” मी तसंच लिहिलं. पुण्याहून विचारणा झाली, बाकीच्या दिवसांचं काय? मी कळवलं, बाकीचे दिवस ती शनिवारची वाट बघते. यावर त्यांनी काय आकडा घातला कुणास ठाऊक. पुढं ताईही आली. चांगली मुलगी होती, खूप राबली. घसरगुंडीनं अनिताचं तोंड उघडलं, पण तांड्यातल्या बाकीच्या मुक्या पोरांसाठी ताईच लागली. हे मुद्दाम लिहितो, नाहीतर वाचून कुणीतरी जिल्हाभर घसरगुंड्या वाटायचा.

एक गोष्ट मात्र मला अजून टोचते. अनिता माझ्या लक्षात राहिली, कारण तिच्या कागदावर चूक झाली. ज्या पोरांचं मी बरोबर लिहिलं, ज्यांचं पुण्यात बरोबर वाचलं गेलं, ज्यांच्या शब्दावर कुणी टिंब दिलं नाही आणि कुणी काढलं नाही, त्यांची मापं व्यवस्थित जुळली आणि अहवालात गेली. त्यांच्याकडे टेम्पोही गेला नाही आणि ताईही. त्यांचे चेहरे आठवायचा प्रयत्न करतो, तेव्हा मला पट्टीवरचेच पाच चेहरे दिसतात.

असो. तर घसरगुंडीच्या त्या पहिल्या दिवसानंतरच्या रविवारी सकाळी घरी बसलो होतो. ही मेथी निवडत होती. मी तिला सगळी हकिकत रंगवून सांगितली: टेम्पो, टिंब, घसरणं, याडी. ती हसत होती, काड्या बाजूला टाकत होती. पेन शोधण्याचा भाग मी गाळला.  मुलीची सायकल दाराआड तशीच लावलेली होती. आणि माझ्या मनात आलं, ही सातारहून या उन्हात येऊन इतकी वर्षं राहिली. इथली भाषा ऐकून आधी दचकली, मग हसली, मग मुलीशी तीच बोलायला लागली. परक्यांच्या पोरांना विचारत मी जिल्हा पालथा घातला. हिला कधी विचारलं?

“काय गं,” मी म्हणालो, “तुला गमतं का इथं?”

तिचा हात थांबला. तिनं वर बघितलं नाही.

“हा कोणत्या प्रश्नावलीतला?”

“माझाच आहे.”

तिनं निवडलेली जुडी परातीत ठेवली, पदराला हात पुसले आणि माझ्याकडे नीट बघितलं.

“सांगते,” ती म्हणाली. “जरा वेळ लागेल. चहा ठेवा, इथं समोर बसा, आणि आधी पट्टी सुलटी आहे का बघा.”